मटणानं शुगर उतरली, की भात सुटल्यानं?

पत्र थोडक्यात असं आहे. खानापूर तालुक्यातल्या एक ताई, वय ३६. नवरा ४२ वर्षांचा, बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टची नोकरी. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली, गोळ्या चालू आहेत. गणपती झाल्यावर त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून भात, भाकरी, डाळ, भाजी, फळं सगळं एकदम बंद केलं. आता फक्त मटण, चिकन, अंडी आणि तूप. चार महिन्यांत ११ किलो वजन उतरलं, शुगरची एचबीएवनसी तपासणी ८.९ वरून ६.४ वर आली, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी २६० ची १२५ झाली. पण एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ११८ वरून १९४ वर गेलंय. सासूबाई माळकरी, त्यामुळं परसात वेगळी शेगडी मांडलीय, तरी कार्तिकी एकादशीला मटणाचा वास घरात आला आणि दोन दिवस सासूबाई जेवल्या नाहीत. महिन्याला बारा हजारांच्या वर खर्च होतोय, पगार अठ्ठावीस हजार. आणि आता ते म्हणताहेत की दहा वर्षांच्या मुलाचाही भात-भाकरी बंद करायची. ताई विचारतात, "हे खरं आहे का थोतांड? मी अडवलं आणि शुगर परत वाढली तर दोष माझा, नाही अडवलं आणि हार्टचं काही झालं तरी दोष माझाच. आमच्या आजोबा-पणजोबांनी जन्मभर भाकरीच खाल्ली की, त्यांना कुठं शुगर होती?"

ताई,

बाकी सगळं सावकाश बोलू, आधी एक काम करा. त्यांच्या गोळ्यांचं पाकीट घ्या आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. तुम्ही पत्रात "दोन गोळ्या चालू आहेत" एवढंच लिहिलंय, नावं लिहिली नाहीत. नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असं काही असेल, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, तर उद्याच डॉक्टरांना गाठायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. ही गोळी जास्तीची साखर लघवीतनं बाहेर टाकते, गोळी चांगली आहे, हार्टला आणि किडनीलाही तिचा उपयोग होतो, आणि हल्ली स्वस्त झाल्यामुळं भरपूर पेशंटना देतात. पण एकीकडं ही गोळी आणि दुसरीकडं ताटात कार्ब, म्हणजे भात-भाकरी-साखरेतलं पिष्ट आणि गोड, जवळजवळ शून्य, असं झालं की रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारा पदार्थ) साठून अॅसिड वाढायचा धोका असतो, आणि यात फसवं हे आहे की मशीनवर शुगर नॉर्मलच्या आसपास दिसू शकते. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, अंगातलं बळ गेल्यासारखं होणं, यातलं काहीही झालं तर "शुगर तर चांगली आहे" म्हणून घरी थांबायचं नाही, हॉस्पिटलात जाऊन कीटोन तपासा म्हणून स्वतः सांगायचं. दुसरी गोळी ग्लिमेपिराइड असेल तर धोका उलटा, जेवणात कार्ब नाहीत आणि गोळीचा डोस जुनाच, मग शुगर खाली घसरते, आणि फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाजवळ उभ्या असलेल्या माणसाला घेरी येणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. बीपीची गोळी असेल तर तीही सांगा, वजन उतरलं की बीपीही उतरतं. मी डॉक्टर नाही, डोस कमी-जास्त करणं डॉक्टरांचंच काम. पण "साहेब, मी चार महिने भात-भाकरी बंद केलीय" हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर गेलंच पाहिजे. बरेच जण हे लपवतात, डॉक्टर ओरडतील म्हणून.

आता तुमचा प्रश्न, खरं का थोतांड. थोतांड नाही ताई. एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा हिशोब, तो एक दिवस उपाशी राहून फसवता येत नाही. ८.९ चं ६.४ झालं ही खरी गोष्ट आहे, ट्रायग्लिसराइड निम्म्यावर आलं हीसुद्धा खरी. तुमच्या माणसानं चार महिने जीव लावून केलंय, शिफ्टवरनं येऊन परसात एकटा बसून जेवलाय. ते आधी त्यांना बोलून दाखवा, मनापासनं. घरात सगळेच नावं ठेवायला लागले की माणूस व्हिडिओतल्या लोकांनाच आपलं मानायला लागतो.

पण मला इथं एक विचारायचंय, तुम्हालाही आणि त्यांनाही. हा गुण मटणाचा आहे, की जे ताटातनं गेलं त्याचा? तुम्ही त्यांचं आधीचं खाणं लिहिलंय, मी ते वहीत मांडून बघितलं. सकाळी चहा-बटर, दहाला कॅन्टीनमध्ये पुरी-भाजी नाहीतर पोहे, दुपारी डब्यात तीन भाकरी, रात्री दोन भाकरी आणि वर दोनदा भात, दिवसात पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. नुसत्या चहातली साखरच ४०-५० ग्रॅम होते. एक वाटी भातात साधारण ४० ग्रॅम कार्ब. भाकरीचं म्हणाल तर परवा मी आमच्या स्वयंपाकघरात वजनकाटा काढून बसले. आईच्या हातची भाकरी, आमच्याकडं असते तशी, ताटाच्या काठाला टेकणारी. गोळा मळायच्या आधी पीठ मोजलं तर एका भाकरीला ७५ ग्रॅम भरलं. ज्वारीच्या पिठात शंभरात सत्तरच्या आसपास कार्ब धरा, म्हणजे एका भाकरीत ५० च्या वर. पाच भाकरी म्हणजे अडीचशेच्या वर गेलंच, मग भात, चहा, पोहे वेगळेच. चारशे ग्रॅमच्या पुढं जातोय हा आकडा. हे सगळं एका दिवशी बंद केलं तर शुगर उतरणारच की, मग जागेवर मटण ठेवा, पनीर ठेवा नाहीतर अंडी ठेवा.

"आजोबांना कुठं शुगर होती" या तुमच्या बोलण्यावरही थोडं थांबूया. एक तर त्या काळी रक्त तपासलं कुणी होतं, किती जण "पायाला जखम झाली, भरलीच नाही" असं होऊन गेले ते आपल्याला कळलंही नाही. दुसरं, आजोबा पाच भाकरी खायचे ते पहाटे औत धरून दुपारपर्यंत ढेकळं तुडवून आल्यावर. आणि भात रोज कुठं होता घरात, तुमच्या खानापूरकडं भाताची शेती म्हणून असेल, इकडं अथणी-चिकोडीकडं तर सणाला नाहीतर पाहुणे आले की भात. साखरेचा चहा दिवसाला पाच वेळा हे तर अलीकडचंच. तेव्हा भाकरी वाईट नाही हे तुमचं बरोबर, पण भाकरी किती खाल्ली तरी चालते हे बरोबर नाही. २०२३ साली आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा सर्व्हे आला, त्यात देशात १० कोटींच्या वर लोकांना शुगर आहे असं निघालं. आपलं ताट पिठुळ झालंय आणि त्यात प्रोटीन कमी पडतंय, हे मटणवाले जे म्हणतात त्यात तथ्य आहे.

आता त्यांना दाखवण्यासारखी गोष्ट सांगते. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लो-कार्बच्या २३ चाचण्या एकत्र करून हिशोब मांडला, १३५७ लोक, बहुतेक सगळे टाइप टू शुगरवाले. सहा महिन्यांला लो-कार्ब खाणाऱ्यांत ५७ टक्के लोकांची एचबीएवनसी साडेसहाच्या खाली आली, बाकीच्यांत ३१ टक्के. मोठा फरक आहे. पण वर्ष होईपर्यंत हा फायदा बराच ओसरला. आणि त्यांनी लो-कार्ब कशाला धरलं, तर दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्ब. शून्य नाही ताई, १३० च्या आत! मी परत वजनकाटा घेतला. ५० ग्रॅम पिठाची लहान, पातळ भाकरी केली तर ३५ ग्रॅम. अशा दोन म्हणजे ७०. मटकीची एक वाटी उसळ पंधरा-वीस, वाटीभर दही, पालेभाजी, काकडी-मुळा, शेंगाचटणी, सगळं धरून १२० च्या आसपास येतं. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या पंक्तीत बसून, माळेला धक्का न लावता, लो-कार्ब होतं. हे व्हिडिओत कुणी सांगत नाही, कारण "भाकरी लहान करा" या वाक्याला कोण बघणार.

नुसत्या मांसावर राहण्याबद्दल माहिती किती आहे हेही त्यांनी ऐकायला पाहिजे. १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेफान्सन नावाचा उत्तर ध्रुवाकडं फिरलेला संशोधक आणि त्याचा एक साथीदार वर्षभर फक्त मांस खाऊन राहिले. सुरुवातीला स्टेफान्सनला चरबी काढलेलं मांस दिलं तर तिसऱ्या दिवशीच त्याचं पोट बिघडलं, चरबी दिल्यावर सुधारला. वर्षाअखेर दोघे ठीकठाक होते. हे खरं आहे, व्हिडिओवाले हेच सांगतात. पण दोन माणसं, एक वर्ष. त्यानंतर हजारो लोकांना वर्षानुवर्षं नुसत्या मांसावर ठेवून, दुसऱ्या गटाशी ताडून बघितलेली चाचणीच नाही. २०२१ मध्ये नुसत्या मांसावर राहणाऱ्या २०२९ लोकांची पाहणी छापून आली, बहुतेकांनी आम्हाला बरं वाटतंय असंच सांगितलं, पण ते सोशल मीडियावरनं गोळा केलेले, किमान सहा महिने टिकलेले लोक होते. ज्यांना सोसलं नाही, ज्यांनी तिसऱ्या आठवड्यात सोडलं, ते त्यात नाहीतच. आणि त्या उत्साही लोकांतसुद्धा एलडीएलचा मधला आकडा १७२ होता.

म्हणून तुमच्या नवऱ्याचं १९४ मला झोंबतं. "ट्रायग्लिसराइड कमी आहे ना, मग एलडीएल वाढलं तरी चालतं" असं व्हिडिओत सांगतात. हे सिद्ध झालेलं नाही. एलडीएल जास्त दिवस जास्त राहिलं की रक्तवाहिन्यांत चरबीचा थर बसतो हे जन्मतः एलडीएल जास्त असलेल्या घराण्यांत दिसलंय, औषधं देऊन एलडीएल कमी केलेल्या लोकांत उलट बाजूनंही दिसलंय. शुगरवाल्यांना डॉक्टर एलडीएल शंभरच्या आत ठेवायला सांगतात आणि १९० च्या वर गेलं की कुठलाही डॉक्टर खुर्चीत सरळ होऊन बसतो. त्यात आपल्या लोकांना हार्ट अॅटॅक पाश्चात्त्य देशांतल्या लोकांपेक्षा पाचेक वर्षं आधी गाठतो. शुगरचा आकडा सुधारला म्हणून हार्टचा आकडा दुर्लक्षायचा हा सौदा वयाच्या ४२ व्या वर्षी परवडणारा नाही. बाकी धोकेही आहेत, युरिक अॅसिड वाढून अंगठा सुजणं, बद्धकोष्ठ (मांसात फायबर नावालाही नाही), आणि किडनीला आधीच मार बसलेला असेल तर एवढं प्रोटीन जड जातं. सॉसेज-सलामी असलं काही ते खात असतील तर ते आधी बंद, त्याचा आतड्याच्या कॅन्सरशी संबंध २०१५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं पक्का म्हणून सांगितलाय. मटणासारख्या लाल मांसाबद्दल "बहुधा" म्हटलंय.

मुलाचं मात्र मी वजन-माप काही करणार नाही. दहा वर्षांच्या, वाढत्या, निरोगी पोराचं भात-भाकरी-फळ बंद करायचं नाही. कीटो आहार (चरबी भरपूर, कार्ब अगदी कमी) लहान मुलांना देतात, १९२१ पासून देतात, पण फिट्स औषधांना दाद देत नसतील तेव्हा, आणि तेही डॉक्टर-डायटीशियनच्या देखरेखीखाली, मोजूनमापून. इथं तुम्ही अडवा, ठामपणे, आणि इथं दोष कुणी दिला तर देऊ दे. पोराचा बेकरीचा बटर, पाकिटातलं कुरकुरं आणि बाटलीतलं गोड पाणी मात्र बंद करा, त्यात तुम्ही दोघं एकाच बाजूला असाल.

मग त्यांच्याशी बोलायचं कसं. "सोडा हे" म्हणू नका, ते सोडणार नाहीत आणि सोडलं तरी वाईट होईल. माझ्या सख्ख्या भावानं निपाणीला हेच केलं होतं, पाच महिने कडक, चौदा किलो उतरला, मग मेव्हण्याच्या लग्नात एका पंक्तीत मोडलं आणि मोडल्यावर मध्ये कुठं थांबायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. शून्य भाकरी नाहीतर पाच भाकरी. वर्षात वजन आणि शुगर दोन्ही परत. मला तेव्हा हे वजनकाट्याचं सुचलं असतं तर बरं झालं असतं असं अजून वाटतं. तेव्हा त्यांना म्हणा, जे कमावलंय ते राखायचंय, त्यासाठी दोन महिने एक बदल करून बघू आणि रक्त तपासून ठरवू. साखर, भात, मैदा, बेकरी बंदच राहू दे, त्याला हात लावायचा नाही. डॉक्टरांना विचारून, गोळ्या जुळवून घेऊन, दुपारच्या डब्यात एक लहान भाकरी परत आणा, सोबत भाजी भरपूर, मेथी, शेपू, अंबाडी, गवार, वांगं, जे बाजारात येईल ते. आठवडाभर जेवल्यावर दोन तासांनी मशीनवर शुगर बघा. फार उसळली नाही तर रात्री उसळ आणा, हुलग्याची, मटकीची. तूप चमच्यानं मोजा, आता ते वाटीनं घेताहेत असं तुमच्या पत्रावरनं दिसतंय, त्याऐवजी फोडणीला शेंगतेल. मटण रविवारी. बाकी दिवशी अंडी, चिकन आणि मासे, गोव्याकडनं बेळगावच्या बाजारात बांगडा-तारली येते ती मटणाच्या मानानं किती स्वस्त पडते बघा, आणि हार्टला ती मटणापेक्षा चांगलीच. दोन महिन्यांनी एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, शिवाय युरिक अॅसिड. एलडीएल तरीही उतरलं नाही तर डॉक्टर गोळी देतील, ती "आयुष्यभर लागते" म्हणून घाबरून टाळायची नाही.

खर्चाचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला ती ओळ सगळ्यात जड वाटली. अठ्ठावीसमधले बारा! रोज अर्धा किलो मटण म्हणजे वर्षाला १८० किलोच्या वर, एका बकऱ्याचं दहा-बारा किलो मटण धरलं तर एका माणसाला वर्षाला पंधरा-अठरा बकरी लागली. आपल्या देशात माणशी मांस निघतं वर्षाला सात किलोच्या आसपास. आपल्याकडचे धनगर काढणी झाल्यावर रानात मेंढरं बसवतात, ती काटक्या-पाला-धसकटं खाऊन जगतात आणि वर रानाला खत देऊन जातात, असं मटण खाण्यात जमिनीचं काही वाईट होत नाही असं मला वाटतं. पण ती मेंढरं आठवड्याच्या रश्श्याला पुरतात, रोजच्या तीन वेळच्या जेवणाला नाही पुरणार. आणि ब्रॉयलर कोंबडी काय खाते, तर मका आणि सोयापेंड, जी आपल्याच जिल्ह्यातल्या शेतात पिकते. आम्ही धान्य सोडलं म्हणणाऱ्याचं धान्य कोंबडीच्या पोटातनंच येतंय, उलट जास्तच लागतंय. हे तुमच्या घरापुरतं नाही, आता गावोगाव पोरं जिमला जाऊन हेच करताहेत म्हणून लिहिलं.

सासूबाईंना परसातली शेगडी किती खुपते ते मी समजू शकते, पण त्यांना एवढंच सांगा की पोरानं हे जिभेसाठी केलेलं नाही, पायाला आणि डोळ्यांना जपायला केलंय. एकादशी, श्रावण, गणपती या दिवसांत पनीर, दही, शेंगा, उसळ यावर लो-कार्ब नीट जमतं, ते दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठरवून टाका, म्हणजे ऐनवेळी घरात तोंडं फिरणार नाहीत. उपवासाला साबुदाणा आणि बटाटा मात्र नको, ते भातापेक्षा वेगळं काही नाही.

एक राहिलं. चार पानी पत्रात तुम्ही नवऱ्याचं, पोराचं, सासूबाईंचं सगळं खाणं लिहिलंय. तुम्ही काय खाता ते कुठंच नाही. दोन चुलींवर दोन स्वयंपाक करून, उरलेला भात आणि पातळ आमटीवर तुमचं भागत असेल असा माझा अंदाज आहे, चुकला तर कळवा. त्यांच्यासाठी अंडी उकडता तेव्हा स्वतःसाठी दोन जास्त टाका, नसेल चालत तर वाटीभर दही आणि उसळ आधी स्वतःच्या ताटात वाढा. तुमचा आहार बदलायचा हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, म्हणून मी विचारते. त्यांचं रक्त द्यायला जाल तेव्हा तुमचंही हिमोग्लोबिन, शुगर आणि बी-ट्वेल्व्ह करून घ्या, दोघांनी उपाशीपोटीच जायचं, आठच्या आत गेलात तर त्यांची दुसरी शिफ्टही चुकत नाही.